वाचकांचे प्रश्न : माघारी फिरण्याची वेळ घरीच ठरवावी

प्रश्न : आम्ही पाच मराठी मित्र नोकरीनिमित्त नॉर्वेतील ओस्लो येथे राहतो. पुण्यात असताना आम्ही सह्याद्रीत बरीच भटकंती केली आहे. मार्चच्या मध्यास रेल्वेने फिन्से येथे उतरून, स्कीवरून हार्डांगरविड्डा पठारावरील एका हटपर्यंत (डोंगरातील मुक्कामाच्या घरापर्यंत) जाण्याचा आणि तेथे दोन रात्री राहण्याचा बेत आहे. अंतर सुमारे २० किलोमीटर असून तेथे कर्मचारी नसतात. आमच्यापैकी दोघे गेल्या हिवाळ्यातच स्की शिकले. रजा आणि तिकिटे ठरली आहेत, परंतु एका मित्राच्या पत्नीने "वाटेत वादळ आले तर काय कराल?" असे विचारले, तेव्हा कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, ओस्लो

उत्तर : वहिनींनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज आपण निघू नये, असे मला मनापासून वाटते.

सह्याद्रीत उशीर झाला तर एखादी वाडी, देऊळ किंवा गुहा गाठता येते. फिन्से १२२२ मीटर उंचीवर आहे, तेथे मोटारीचा रस्ता जात नाही, आणि स्थानक मागे पडले की झाडाचा आडोसाही मिळत नाही. तापमान उणे १० अंश असताना सेकंदाला १५ मीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २२ अंशांसारखी जाणवते. त्यातच बर्फ उडू लागला की आकाश आणि जमीन एकच होतात आणि पुढच्या माणसाची पाठही दिसेनाशी होते. हिवाळी वाटेवर ठरावीक अंतराने फांद्या रोवून खुणा केलेल्या असतात, मात्र त्या सर्वच वाटांवर आणि सर्व हिवाळाभर नसतात. म्हणून आपल्या वाटेवर त्या लागल्या आहेत की नाहीत, याची आधी चौकशी करावी.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे अशाच एका हटकडे निघालो होतो आणि आमच्यातील एक जण नवखा होता. दुपारी वारा वाढला तेव्हा निम्म्याहून अधिक वाट सरली होती. पुढे जावे की मागे फिरावे, यावर आम्ही उघड्यावर उभे राहून वीस मिनिटे वाद घातला, कारण कोणालाच सहल मोडल्याचा दोष स्वतःकडे घ्यायचा नव्हता. चढताना घामाने भिजलेले त्या मित्राचे कपडे तेवढ्या वेळात अंगावरच गारठले, आणि त्याने हातमोजा काढला तेव्हा दोन बोटांची टोके मेणासारखी पांढरी पडली होती. आम्ही परतलो, बोटेही वाचली; परंतु ती वीस मिनिटे मला आजही विसरता येत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे की, माघारीचा निर्णय बर्फात नव्हे, तर ओस्लोमध्ये चहा घेताना करावा. उदाहरणार्थ, दुपारी बारापर्यंत नकाशावरील अमुक ठिकाण आले नाही तर परतायचे, आणि पाचांपैकी एकाने जरी "फिरू या" म्हटले तरी कारण न विचारता सर्वांनी फिरायचे. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत १८ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे डोंगरातील शहाणपणाच्या नियमांचा मोठा प्रचार झाला. आजच्या नऊ नियमांपैकी आठवा नियम हेच सांगतो, की वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही.

आपल्या बेताविषयी स्पष्टच लिहितो. सरावलेला माणूस २० किलोमीटर पाच-सहा तासांत कापेल. पाठीवर ओझे असलेल्या नवख्याला नऊ-दहा तासही लागू शकतात, आणि मार्चच्या मध्यास उजेड साधारण बारा तासच असतो. त्यामुळे या वेळी त्या दोघांना घेऊन त्या हटपर्यंत जाऊ नये. फिन्से येथे कर्मचारी असलेली हट आहे. दोन्ही रात्री तेथे जागा मिळते का, ते पाहावे. हवा चांगली असेल त्या दिवशी संपूर्ण ओझे घेऊन खुणांच्या वाटेने पाच किलोमीटर जावे व परत यावे. आपला खरा वेग त्यातून कळेल, आणि तो सर्वांत हळू चालणाऱ्याचाच धरावा. तिकिटे फिन्सेचीच असल्याने तीही वाया जाणार नाहीत.

पुढील वर्षी दूरच्या हटवर जाल, तेव्हाची व्यवस्था सांगतो. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन संघटनेच्या, म्हणजे डीएनटीच्या, कुलूपबंद हटसाठी सदस्यांना अनामत घेऊन एक सामाईक किल्ली मिळते. काही हटमध्ये शिधा ठेवलेला असतो आणि आपण घेतलेल्या जिन्नसांची नोंद करून स्वतःहून पैसे भरायचे असतात. काहींत मात्र लाकूड, गॅस, भांडी आणि अंथरूण-पांघरूण एवढेच असते. आपली हट कोणत्या प्रकारची आहे, हे न पाहता गेल्यास उपाशी राहण्याची वेळ येते. पाणी बर्फ वितळवूनच मिळते. भांड्याच्या तळाशी आधी थोडे पाणी घालून मग मूठमूठ बर्फ टाकावा, नाहीतर कोरड्या बर्फाखाली भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. शेगडी पेटलेली असताना हवा खेळती ठेवावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निघताना पुढच्यांसाठी फोडलेले लाकूड भरून ठेवावे. अंधारात बधिर हातांनी कुऱ्हाड धरावी लागणे किती कठीण असते, हे एकदा अनुभवले की त्याचे महत्त्व कळते.

सामानात प्रत्येकाकडे फावडे, उबदार स्लीपिंग बॅग, कोरडे कपडे आणि सर्व जण मिळून आत बसू शकतील अशी वाऱ्यापासून आडोसा देणारी पिशवी असावी. नकाशा आणि होकायंत्र हवेच, कारण थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. पठार सपाट भासले, तरी ओढ्यांच्या घळी आणि ३० अंशांहून तीव्र उतार टाळावेत, त्यांच्या पायथ्याशीही रेंगाळू नये. 'वार्सोम' या संकेतस्थळावरील हिमस्खलनाचा इशारा निघण्याच्या दिवशी सकाळी वाचावा.

शेवटी, वहिनींच्या हाती एक कागद द्यावा : कोणती वाट, माघारीची कोणती वेळ, कोणत्या गाडीने परत येणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर त्यांनी ११२ वर पोलिसांना कळवायचे.