स्टाफच्या रेघा बारीक, नोटा जाड

प्रश्न: संगीतवर्गाच्या संकेतस्थळावर आम्ही व्हेरोव्हिओ या प्रोग्रामने स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) दाखवतो, संगीतचिन्हांचा फॉन्ट ब्राव्हुरा. नोटांची डोकी काळीभोर दिसतात, पण रेघा आणि नोटांच्या उभ्या दांड्या केसासारख्या बारीक. सीएसएसमध्ये फॉन्ट-वेट (अक्षरांचा ठळकपणा) 600 दिले, तरी ढिम्म फरक नाही.

उत्तर: पडणारही नाही. व्हेरोव्हिओ संगीतचिन्हे अक्षरे म्हणून नव्हे, एसव्हीजी आकृत्या म्हणून काढते. फॉन्ट-वेट लागते ते शीर्षक, गाण्याचे बोल अशा मजकुरालाच. रेघा-दांड्या तर फॉन्टमधून येतच नाहीत. त्या प्रोग्राम ओढतो. त्यांची शिफारस केलेली जाडी ब्राव्हुराच्या मेटाडेटा फाइलमध्ये असते: रेघ 0.13, दांडी 0.12. एकक म्हणजे दोन रेघांमधले अंतर. व्हेरोव्हिओचे एकक मात्र त्याच्या निम्मे, आणि गफलत होते ती इथेच. त्याची मूळ मूल्ये 0.15 आणि 0.20, ब्राव्हुराच्या मापात ती 0.075 आणि 0.10 भरतात. म्हणून व्हेरोव्हिओच्या पर्यायांत स्टाफलाइनविड्थ (रेघ) 0.26 आणि स्टेमविड्थ (दांडी) 0.24 ठेवा.

तरीही साध्या स्क्रीनवर एक रेघ गडद आणि दुसरी पुसट दिसली, तर दोष आकाराचा. दोन रेघांमधले अंतर 5 पिक्सेल असेल तर रेघ 0.65 पिक्सेलची होते आणि ब्राउझर ती करडी रंगवतो. जाडी वाढवत बसू नका. स्केल वाढवून अंतर 8 पिक्सेलवर न्या, रेघ 1 पिक्सेलच्या किंचित वर जाईल.

चिन्हेच जाड हवी असतील, तर त्यांना त्याच रंगाचा स्ट्रोक (कडेवरची रेघ) द्या. चिन्हांच्या आकृतीत 1000 एकके म्हणजे रेघांमधली चार अंतरे, तेव्हा स्ट्रोकची जाडी 10 पासून सुरू करा. स्ट्रोक निम्मा आतल्या बाजूला सरकतो, त्यामुळे मिनिमचे (पोकळ डोक्याच्या नोटेचे) भोक आधी बुजते. शार्पच्या (♯) फटी त्यापाठोपाठ. स्ट्रोक-लाइनजॉइन राउंड ठेवा, नाहीतर टोकांना काटे फुटतात.

प्रश्न: भातखंडे लिपीतल्या कोमल स्वरांखालची रेघ मंद्र सप्तकाच्या बिंदूपाशी तुटते. ठळक अक्षरांत ती फारच नाजूकही वाटते.

उत्तर: बिंदूला वाट देण्यासाठी ब्राउझर रेघ तोडतो. टेक्स्ट-डेकोरेशन-स्किप-इंक नन करा. रेघेची जाडी 0.08 एम (एम म्हणजे फॉन्टचा आकार) द्या, म्हणजे अक्षराच्या आकाराबरोबर ती वाढेल. रेघ बिंदूवरून जात असेल, तर टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट बदलून पाहा. फॉन्टची बोल्ड फाइल जोडलेली आहे ना, हेही तपासा. नसेल तर ब्राउझर अक्षरे नुसती फुगवतो आणि ‘नि’ची वेलांटी गिचमिड होते. फॉन्ट-सिंथेसिस नन केले की हे फुगवणे थांबते.