चिंगीचं इन्सुलिन आणि पोस्टातले तीन लाख

नमस्कार काकू,

तुमच्या पत्रातलं आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यात शाहूपुरीत घर, राहणारे तुम्ही आणि काका. काकांची पेन्शन ३४ हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची दोन खाती, एक १२ लाखांचं, एक ३ लाखांचं, दोन्ही जून २०२३ मध्ये उघडलेली. एका पतसंस्थेत १ लाखाची ठेव, बचत खात्यात ६० हजार. आणि चिंगी: आठ वर्षांची, १६ किलोची गावठी कुत्री, नसबंदी न झालेली. महिनाभर पाण्याचं भांडं चाटूनपुसून रिकामं करायची, रात्री दोनदा दार ओरबाडायची, भरपूर खाऊनही बरगड्या दिसायला लागल्या. निदान मधुमेह. सकाळ-संध्याकाळ ८ युनिट इन्सुलिन, बहुधा जन्मभर. तुम्ही विचारता, ३ लाखांचं खातं मोडून तिच्यासाठी वेगळे ठेवू का? मुलगा म्हणतो हे वेड आहे.

वेड नाही. पण खातं मोडू नका.

त्या ३ लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६,१५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला २,०५०. आता तुम्ही पाठवलेल्या मेडिकलच्या बिलावरून हिशोब करू. १० मिलीच्या, दर मिलीला ४० युनिटवाल्या बाटलीत ४०० युनिट असतात. चिंगीला दिवसाला १६ लागतात, म्हणजे बाटली २५ दिवस जाते. १६५ ला एक, तेव्हा महिन्याला २०० धरा. सिरिंज ६०, प्रत्येकी ९ रुपये, ५४०. साखर तपासायच्या पट्ट्यांचे २४० रुपये, डॉक्टरांची एक फेरी ४००, अंडी-चिकनचा जादा खर्च ५००. झाले १,८८०. जे खातं तुम्ही मोडायला निघालात, त्याचं व्याजच तिची सुई चालवतंय. मोडलंत तर दोन वर्षं उलटल्यामुळे १ टक्का, म्हणजे ३,००० कापले जातील, आणि पैसे बचत खात्यात कमी व्याजावर पडून राहतील. या योजनेतून थोडे थोडे काढता येत नाहीत, मोडायचं तर अख्खं खातं.

आकडा एवढा लहान कसा, असं वाटेल. माणसांना देतात तेच इन्सुलिन तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. कुत्र्याच्या मधुमेहात गोळ्या सहसा चालत नाहीत, त्यामुळे काकांच्या ओळखीतलं कुणी काढा किंवा चूर्ण सुचवत असेल तर तिथे एक रुपयाही घालू नका. परदेशी पाकीटबंद खाण्याचीही सक्ती नाही. रोज तेच खाणं, तेवढंच, त्याच वेळी, हे जास्त महत्त्वाचं. सुई मात्र दर वेळी नवीन. एक सुई दोनदा वापरून महिन्याचे २७० वाचतील, पण बोथट सुई दुखली की चिंगी तुम्हाला बघून पलंगाखाली शिरेल.

सिरिंजचं एक सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे, वडिलांच्या इन्सुलिनच्या वेळी. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० युनिटसाठी असते. मी घाईत नारिंगी घेऊन आलो आणि दोन दिवस वडिलांना निम्म्याहूनही कमी औषध जात होतं. उलटी चूक झाली, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये, तर अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम खाली येते. रात्री अकराला गाडी करून धावपळ, सलाईन, एका रात्रीत वर्षाच्या सुयांचे पैसे. बाटली आणि सिरिंजवरचा आकडा दर खरेदीला जुळवून पाहा. चिंगी थरथरली, झोकांड्या द्यायला लागली तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच डॉक्टरांना फोन. जेवली नाही तर टोचण्याआधी फोन.

मोठा खर्च करायचाच असेल तर नसबंदीवर करा आणि लवकर करा. माजानंतर अंगात वाढणारं संप्रेरक इन्सुलिनला नीट काम करू देत नाही, त्यामुळे नसबंदी न झालेल्या कुत्रीची साखर आवरत नाही. ऑपरेशननंतर काहींचा डोस उतरतो, क्वचित सुई सुटतेही. तुम्हाला ९ हजार सांगितलेत, शिवाय सुरुवातीचा डोस बसवायला दिवसभर दर दोन तासांनी साखर मोजण्याचे आणि तपासण्यांचे ६ हजार. हे १५ हजार बचत खात्यातून द्या. दुसरं मत हवं असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा. उरलेल्या ४५ हजारांतले २५ हजार आणीबाणीचे म्हणून हात न लावता ठेवा.

मुलाने ज्याची धास्ती घातली ते मोतीबिंदूचं. ती भीती खोटी नाही, मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्षभरात मोतीबिंदू होतो. पण त्याच्या ऑपरेशनचा पुण्यातून ऐकलेला सव्वा लाखाचा आकडा आज बाजूला काढायची गरज नाही. आंधळं कुत्रं नाकाच्या भरवशावर ओळखीच्या घरात बरं वावरतं, फक्त सोफा-टेबल हलवू नका. डोळा लाल झाला, ती तो मिटून घ्यायला लागली तर थेंबांना टाळाटाळ नको, तिथे दुखणं असतं. आणि ऑपरेशन करायचंच ठरलं तर आधी पतसंस्थेतली ठेव मोडा, व्याज थोडं कमी मिळालं तरी. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. चिंगी नसती तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं.

प्राण्यांच्या विम्यामागे आता लागू नका, आधी निदान झालेला आजार त्यात बसत नाही. आयकरातही या खर्चाची वजावट नाही.

हिशोबात तुम्ही एक गोष्ट धरलीच नाहीत. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळा घरी कुणीतरी हवं. लेकीकडे चार दिवस जायचं, लग्नाला जायचं, तेव्हा सुई कोण देणार? शेजारच्या मुलीला आत्ताच शिकवून ठेवा, डॉक्टरांसमोर, आणि फुकट करून घेऊ नका. दिवसाला दीडशे धरले आणि वर्षात वीस दिवस बाहेर गेलात तर ३,०००. महिन्याचे १७० उरतात त्यातून वर्षाला दोनेक हजार निघतात, बाकीचे पेन्शनमधून घाला.

काका रोज संध्याकाळी तिला अर्धा कंदी पेढा देतात, असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. तो आजपासून बंद. निदान तिच्यासमोर तरी खाऊ नका म्हणावं.