अ‍ॅक्सेस: ग्राहकाच्या फॉर्मवरून बिलाच्या फॉर्मवर ग्राहक क्रमांक कसा न्यायचा?

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) ग्राहकाच्या फॉर्मवर 'नवीन बिल' बटण आहे, ग्राहक क्रमांक ग्लोबल व्हेरिएबलमध्ये (कोडमध्ये कुठूनही वाचता येणाऱ्या जागेत) ठेवून बिलाचा फॉर्म उघडता, बहुतेक वेळा तो नीट येतो आणि मधूनच शून्य येतो. ते शून्य कुठून येतं ते आधी सांगतो. कोडमध्ये कुठेही न पकडलेली एरर आली आणि समोरच्या खिडकीत 'एंड' दाबलं, की व्हीबीए (अ‍ॅक्सेसमधली कोड लिहायची भाषा) सगळी ग्लोबल व्हेरिएबल्स पुसून टाकतं. एरर येते सकाळी स्टॉकच्या रिपोर्टमध्ये आणि बिल बिघडतं दुपारी. म्हणून शोधून सापडत नाही.

क्रमांक ओपनआर्ग्जमधून (OpenArgs, म्हणजे फॉर्म उघडताना त्याच्या हाती द्यायची माहिती) पाठवा. ओपनफॉर्म या कमांडला फॉर्मच्या नावासकट सात गोष्टी देता येतात, ओपनआर्ग्ज त्यातली सातवी. कॉमा मोजत बसू नका. ओपनआर्ग्ज हे नाव लिहा, पुढे कोलन आणि बरोबरचं चिन्ह, आणि मग ग्राहक क्रमांक. डेटामोडही असाच नाव लिहून एसीफॉर्मअ‍ॅड द्या, म्हणजे फॉर्म थेट कोऱ्या रेकॉर्डवर उघडेल.

आता बिलाच्या फॉर्ममध्ये तो क्रमांक घ्यायचा कसा, इथे मी स्वतः मार खाल्लाय. खतं-बियाण्यांच्या एका दुकानासाठी मी असंच बनवलं होतं. लोड इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये, आलेला क्रमांक सरळ ग्राहकाच्या खोक्यात लिहिला. नवीन बिलाला काहीच अडलं नाही. पण 'जुनी बिलं' या बटणावरूनही तोच फॉर्म उघडायचा, फिल्टर न लावता, म्हणजे पहिल्या बिलावर. लोड इव्हेंट तिथेही चालायचा आणि पहिल्या बिलाचा ग्राहक बदलायचा. कोणी नुसतं बघून फॉर्म बंद केला तरी अ‍ॅक्सेस न विचारता तो बदल सेव्ह करतं. उधारीची यादी काढली तेव्हा बिल क्रमांक १ भलत्याच शेतकऱ्याच्या नावावर होतं. मूळ नाव शेवटी कागदी बिलबुकातून शोधावं लागलं.

म्हणून खोक्याच्या व्हॅल्यूत नको, डिफॉल्टव्हॅल्यूत (नवीन रेकॉर्डमध्ये आपोआप दिसणाऱ्या किमतीत) लिहा. लोड इव्हेंटमध्ये आधी ओपनआर्ग्ज नल, म्हणजे रिकामं, आहे का ते बघा (फॉर्म डावीकडच्या यादीतून, नेव्हिगेशन पेनमधून, उघडला तर ते नलच असतं), नसेल तरच डिफॉल्टव्हॅल्यू भरा. डिफॉल्टव्हॅल्यू फक्त नवीन रेकॉर्डला लागते, जुन्याला हात लावत नाही. शिवाय वापरणाऱ्याने काही न टाइप करता फॉर्म बंद केला तर रिकामं बिलही तयार होत नाही. व्हॅल्यू आकडा नसून मजकूर असेल तर तो अवतरणचिन्हांत गुंडाळून द्यावा लागतो.

जुनी बिलं दाखवताना ओपनआर्ग्जची गरजच नाही. ओपनफॉर्ममधली चौथी जागा व्हेअरकंडिशनची (कोणती रेकॉर्ड्स दाखवायची त्या अटीची) आहे, तिथे त्या ग्राहकाची अट द्या.

बटणाच्या कोडची पहिली ओळ मात्र विसरू नका: Me.Dirty = False (मी डॉट डर्टी इज इक्वल टू फॉल्स). ग्राहक आत्ताच टाइप केला असेल तर तो अजून टेबलात गेलेला नसतो, आणि दोन टेबलांमधली रिलेशनशिप पक्की (ग्राहक टेबलात असल्याशिवाय बिल चालणार नाही अशी) असेल तर बिल सेव्ह होताना संबंधित रेकॉर्ड नाही म्हणून अ‍ॅक्सेस अडवतं. या एका ओळीने ग्राहक आधी सेव्ह होतो.

बिलाचा फॉर्म आधीच उघडा असेल तर ओपनफॉर्म त्याला फक्त पुढे आणतं, लोड इव्हेंट पुन्हा चालत नाही आणि मागच्याच ग्राहकाचा क्रमांक राहतो. त्यामुळे आधी तो बंद करून मग उघडा.

लॉगिन केलेल्याचं नाव किंवा चालू आर्थिक वर्ष यांसारख्या, सगळीकडे लागणाऱ्या गोष्टींसाठी टेम्पव्हार्स (TempVars, अ‍ॅक्सेसची स्वतःची तात्पुरती व्हेरिएबल्स) वापरा. अ‍ॅक्सेस २००७ पासून ते आहेत आणि एरर आली तरी पुसले जात नाहीत. ग्राहक क्रमांक मात्र त्यात ठेवू नका, तो ओपनआर्ग्जमधूनच जाऊ द्या.