रीलवर लाइकचा पाऊस, ब्लॉगवर शुकशुकाट

खाद्यब्लॉग लिहिणाऱ्या वाचकांनी फोटो, रील आणि पिंटरेस्ट (फोटो शोधायचं आणि जपून ठेवायचं ॲप) यांबद्दल पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरे.

प्रश्न : माझ्या रील हजारो लोक बघतात, लाइकही करतात, पण ब्लॉगवर कोणी फिरकत नाही. काय चुकतंय? (सांगली)

इन्स्टाग्रामला माणूस आपल्याच ॲपमध्ये हवा असतो. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. बाहेर पडायच्या वाटा म्हणजे प्रोफाइलमधली लिंक आणि स्टोरीतला लिंक स्टिकर. एवढा वळसा घालून कोणी यायचं, तर त्याला गरज वाटायला हवी. तयार पदार्थाचं सजवलेलं ताट बघून 'वा!' म्हणता येतं, पण तेवढ्याने गरज निर्माण होत नाही.

म्हणून मी नेहमी सांगते : पदार्थ जिथे बिघडतो ती जागा दाखवा. अनारशाचंच घ्या. जाळीदार, खसखस लावलेला अनारसा सगळेच दाखवतात. तुम्ही कढईत हसणारा अनारसा दाखवा. तुपात सोडला, पसरला, विरघळला आणि तुपात नुसता चुरा उरला, हे जवळून, न कापता. मग त्याच पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा तळा : मंद आच, खसखशीची बाजू वर, न उलटता वरून झाऱ्याने तूप उडवायचं. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, हे कारणही रीलमध्येच सांगून टाका. हातचं राखून ठेवू नका. अर्धवट सांगून ताटकळत ठेवलं की लोक चिडतात.

ब्लॉगवर बाकीचं सगळं हवं : तीन दिवस तांदूळ भिजवणं, रोज पाणी बदलणं, गुळाचं प्रमाण, पीठ किती दिवस मुरवायचं, अनारसे कडक झाले तर काय करायचं. घरी पीठ भिजवून बसलेली बाई हे वाचायला नक्की येईल, आणि तीच पुढे तुमची कायमची वाचक होईल. लाइक मोजणं सोडा. किती जणांनी रील सेव्ह केली आणि किती जणांनी लिंक उघडली, हे दोन आकडे बघा.

प्रश्न : आपल्याकडे पिंटरेस्ट कोण बघतं? त्यावर वेळ घालवावा का? (पुणे)

घालवावा. इथे त्याचा इन्स्टाग्रामइतका गाजावाजा नाही, पण खाद्यब्लॉगला ते जास्त मानवतं. तिथे लोक शोधायला येतात, प्रत्येक पिनला, म्हणजे तिथे टाकलेल्या फोटोला, थेट तुमच्या पानाची लिंक देता येते आणि चांगली पिन कित्येक महिने वाचक आणत राहते. रील सहसा काही दिवसांत मागे पडते.

फोटो उभा ठेवा, 2:3 प्रमाणात. 1000 बाय 1500 पिक्सेल पुरे. पदार्थाचं नाव फोटोवर ठळक लिहा. पिनच्या शीर्षकात ते देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, दोन्हींत द्या, कारण मराठी माणूसही मोबाइलवर 'उकडीचे मोदक' बहुतेकदा रोमनमध्येच टाइप करतो. परदेशातल्या मराठी घरांत तर हे हमखास होतं. त्यांच्यासाठी प्रमाण वाटीबरोबर ग्रॅममध्येही लिहा. त्यांची वाटी आणि तुमची वाटी एक नसते.

पिंटरेस्टवर सण लवकर येतात. मोदकांच्या पिना गणेश चतुर्थीच्या महिना-दीड महिना आधी, आणि फराळाच्या गणपती उठले की लगेच टाका. वसुबारसेला टाकलेली चकलीची पिन त्या वर्षी फारशी कामाची नाही.

प्रश्न : माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही, घरात उजेड कमी. शिवाय पिठलं, आमटी असे पदार्थ फोटोत अगदीच निस्तेज दिसतात. (डोंबिवली)

कॅमेऱ्याची काळजी सोडा. मोबाइलची लेन्स सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात तिच्यावर तेलकट थर हमखास बसतो. ट्यूबलाइट बंद करा, कारण खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिसळला की पांढरा भातही आजारी दिसतो. ताट खिडकीशेजारी असं ठेवा की उजेड बाजूने किंवा किंचित मागून येईल. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावल्या मऊ होतात. स्क्रीनवर पदार्थावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड हलत नाहीत.

पिठल्याचं सौंदर्य त्याच्या रंगात नाही, वरच्या फोडणीत आहे. लोखंडी कढईत किंवा काळ्या दगडावर ठेवलेल्या छोट्या वाडग्यात पिठलं घ्या, आणि लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी वरून ओतताना फोटो काढा. शेजारी भाकरी मोडून ठेवा. अख्खी भाकरी फोटोत नुसती चकती दिसते. आमटीचं वरचं तवंग तिरक्या कोनातून चमकतं, थेट वरून नाही. थाळी मात्र वरूनच घ्या, आणि सोलकढीचा पेला समोरून.

फिल्टरने रंग भडक करू नका, ही माझी कळकळीची विनंती. हळदीचा पिवळा केशरी झाला की वाचकाच्या घरची आमटी तुमच्या फोटोसारखी कधीच होणार नाही, आणि तो पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : रोज पोस्ट करायलाच हवं का? (नाशिक)

नाही. आठवड्याला एक पदार्थ नीट करा. एकाच चकलीतून भाजणीचा फोटो, मोहन जास्त झाल्यावर तेलात विरघळणारी चकली, सोऱ्यातून पडणारा वेढा आणि तयार डबा, इतकं सहज निघतं.

प्रश्न : माझा फोटो एका मोठ्या पेजने नाव न देता वापरला. काही करता येतं? (कोल्हापूर)

येतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही संरक्षित कलाकृती आहे. तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा. नुसत्या साहित्याच्या यादीवर असा हक्क सांगणं अवघड आहे, पण तुम्ही तुमच्या शब्दांत लिहिलेली कृती तुमची.

आधी त्या पोस्टचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रारीची कुणकुण लागली की पोस्ट गायब होते. मूळ फोटोची फाइल जपून ठेवा. मग पेजला सभ्य भाषेत एक संदेश पाठवा. नाव आणि लिंक द्यायला कित्येक जण तयार होतात. दाद दिली नाही तर इन्स्टाग्रामच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्ममध्ये त्यांच्या पोस्टची आणि तुमच्या मूळ पानाची लिंक भरा. यापुढे ब्लॉगचं नाव फोटोच्या कोपऱ्यात न लिहिता ताटाच्या कडेला लागून बारीक अक्षरांत लिहा. कोपरा कापणं सोपं असतं. ताट कापलं तर फोटोच उरत नाही.