पुस्तकांविषयी विचारा: कादंबऱ्यांनंतर काय वाचू?

प्रश्न: बँकेतून निवृत्त झाले, नाशिकरोडला राहते. आजवर इतिहास वाचला तो कादंबऱ्यांतूनच. कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो, "मावशी, हे सगळं रचलेलं असतं." म्हणून इतिहासाची पुस्तकं आणली, तर तळटिपांतच अडकून पडते. सुरुवात कुठून करू? गो. स. सरदेसायांच्या 'मराठी रियासत'चा, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाच्या खंडांचा, सगळा संच विकत घ्यावा का?

उत्तर: ताई, भाच्याचं निम्मंच ऐका. पेशव्यांच्या तोंडची वाक्यं कादंबरीकाराची असतात, हे खरं. पण पानिपतावर नेमकं काय घडलं असेल ही रुखरुख तुम्हाला लागली ती त्याच वाक्यांमुळे ना? ती घेऊनच पुढे चला.

आणि तळटिपांना तुम्ही कशाला घाबरायचं? जन्मभर व्हाउचरं तपासलीत. तळटीप म्हणजे लेखकाचं व्हाउचर, दुसरं काय!

तुमच्या कामाचं उदाहरण आपल्या पांडवलेण्यातच आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेवली. मुद्दल काढायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. 2000 वर शेकडा एक, 1000 वर शेकडा पाऊण. हा दर महिन्याचा की वर्षाचा? लेखात पुढे म्हटलंय की वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं मिळावीत. म्हणजे 240. दरमहा एक टक्का धरला तर 2000 चं वर्षाचं व्याज बरोबर 240 होतं. हिशेब जुळला, दर महिन्याचा ठरला. चांगला लेखक हा हिशेब तुमच्यासमोर मांडतो. 'प्राचीन काळी बँका होत्या' एवढंच लिहून मोकळा होणारा लेखक मला चालत नाही, मग त्याची भाषा कितीही लाघवी असो.

तिथेच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निःशेष केला असं ती म्हणते. नहपान याच क्षहरातांपैकी. आता आई लेकाबद्दल बोलतेय, तेही त्याच्या पश्चात. ऐकावं, पण लगेच मान डोलवू नये. मात्र 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला! आईच्या बोलण्याला असा भक्कम साक्षीदार क्वचितच मिळतो. पुस्तकात नुसता शिलालेख सांगून नाणी वगळली असतील, तर लेखकाने काम अर्धवट सोडलंय असं खुशाल समजा.

दुकानात पुस्तक उचललंत की आधी शेवटची पानं उघडा. संदर्भ नाहीत, सूची नाही आणि आत मात्र पानोपानी संवाद, असं असेल तर ती कादंबरीच. कादंबरी म्हणून वाचायला काहीच हरकत नाही.

पहिलं पुस्तक म्हणाल तर विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. वरसईचे हे भटजी दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरात होते. गोष्टीसारखं वाचून होतं. पण आठवणी कित्येक वर्षांनी लिहिलेल्या आहेत, आणि 1907 साली त्या छापताना चिंतामणराव वैद्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला. मूळ संहिता पुढे दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. जमलं तर तीच मिळवा.

मग त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : 1761'. ते जरा सावकाश घ्या. वाचताना एकच विचारत राहा, की हे सांगणारा त्या दिवशी कुठे होता? काशीराज पंडिताची हकीकत सगळेच वापरतात. हा गृहस्थ अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. शिवाय लिहिलं ते वीसेक वर्षांनंतर.

'रियासत'चा संच सध्या घेऊ नका. सरदेसायांचं काम अफाट आहे, पण ते पहिल्या पानापासून वाचायचं नसतं, अडलं की उघडून पाहायचं असतं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, आधी तिथे चौकशी करा. एकेक खंड घरी आणून पाहा. कपाटात जागा करायची की नाही ते मग ठरवा.