निळ्या कापडावरची तीन अक्षरे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बर्लिनमध्ये लोकांसमोर सादर करावयाच्या प्रयोगाचा तुझा आराखडा वाचला. नाझी जर्मनीने युक्रेनमधून सक्तीच्या मजुरीसाठी नेलेल्या स्त्रियांची आठवण म्हणून साखळदंड ओढत, आक्रोश करत चालण्याचे तू योजले आहेस, ते मला पटले नाही. त्यांची ओळख साखळदंडात नव्हती. छातीच्या उजव्या बाजूला शिवलेल्या निळ्या कापडाच्या तुकड्यात होती, ज्यावर पांढऱ्या रोमन लिपीतली तीनच अक्षरे असत : ‘ओस्ट’, म्हणजे पूर्व. फेब्रुवारी १९४२ च्या फर्मानाने तो सक्तीचा झाला. तेव्हा तो तुकडा शिवणे हीच तुझी कृती असू दे. स्वतःच्या नेहमीच्या कपड्यावर तो सावकाश शिवायचा, उसवायचा, पुन्हा शिवायचा. बोटे दुखू लागली तरी चेहऱ्यावर अभिनय आणायचा नाही.

युक्रेनमधून वीस लाखांहून अधिक माणसे नेली गेली. सोव्हिएत भागांतून आणलेल्या या मजुरांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळजणींनी विशीही ओलांडली नव्हती. (आपण ‘वेठबिगार’ म्हणतो खरे, पण वेठेला धरलेला माणूस बहुधा आपल्याच मुलुखात राही.) कारखाने आणि शेते तू घेतली आहेस, घरे मात्र सुटली. सप्टेंबर १९४२ मध्ये मजूरभरतीचा प्रमुख फ्रित्झ झाउकेल याने जर्मन घरांतील कामासाठी पंधरा ते पस्तीस वयाच्या चार-पाच लाख स्त्रिया आणण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात तेवढ्या आल्या नाहीत, पण ज्या आल्या त्यांनी परक्यांची भांडी घासली, मुले सांभाळली. मोकळ्या चौकापेक्षा एखाद्या स्वयंपाकघरात प्रयोग करता येईल का, ते पाहा.

परतीचा भाग तू दोन ओळींत उरकला आहेस, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. १९४५ नंतर मायदेशी परतलेल्यांना सोव्हिएत चौकशी छावण्यांतून जावे लागले, शत्रूसाठी राबल्याचा संशय त्यांच्यावर राहिला, आणि कित्येकींनी ती वर्षे पुढे अनेक दशके घरच्यांपासूनही लपवली. २००० साली जर्मनीत भरपाईसाठी प्रतिष्ठान स्थापन झाले, तेव्हा अनेकींना आपण तिथे होतो याची कागदपत्रे म्हातारपणी शोधावी लागली. म्हणून अखेरीस पट्टी उसवून झाल्यावर कापडावर उरलेली टाक्यांची भोके तशीच दिसू दे, त्यांवर बोलू नकोस.

सराव सुरू करण्यापूर्वी बर्लिनच्या श्योनेवायडे भागात जतन केलेल्या मजूर-छावणीच्या बराकी पाहून ये. कापड आणि सुई कोणती घेतलीस, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
सर