उमाय, उमा आणि सटवाई

चिमणे,

तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहिते. तुझी तुर्की मैत्रीण म्हणाली, की त्यांच्या जुन्या समजुतीत बाळाला राखणारी ‘उमाय’ नावाची आई आहे आणि अंगाईला ते ‘निन्नी’ म्हणतात. मग उमाय म्हणजे आपली उमाच का? आणि पाचवीला आपण पुजतो ती सटवाई कोण?

शब्दाचं मूळ शोधताना आधी त्याची सगळ्यात जुनी नोंद बघायची. उमाय सापडते आजच्या मंगोलियात, ओरखोन नदीच्या खोऱ्यात. तिथल्या क्युल तेगीन या जुन्या तुर्की राजपुत्राच्या इ.स. 732 च्या शिलालेखात राणीमातेला ‘उमायसारखी’ म्हटलंय. पुढे अकराव्या शतकात महमूद काश्गरीने बगदादमध्ये तुर्की शब्दांचा मोठा कोश केला. त्यात उमाय म्हणजे चक्क वार, बाळंतपणात बाळामागून पडते ती. पोटातली बाळाची सोबतीण! उमायची सेवा केली की मूल होतं, अशी म्हणही त्याने तिथेच दिली आहे. आपली उमा भेटते केनोपनिषदात. तिथे ती इंद्राला ब्रह्म म्हणजे काय ते सांगते. पाळणा नाही, बाळंतीण नाही. दोघींत जुळतो तो फक्त आवाज, आणि तेवढ्यावर नातं लावता येत नाही.

‘निन्नी’चंही तसंच. आपणही बाळाला ‘निन्नी कर’ म्हणतो, इटलीतल्या आया ‘निन्ना नान्ना’ म्हणतात. बाळाशी बोलताना न, म, ब असे सोपे आवाज जगभर दोन-दोनदा येतात, म्हणून अशा शब्दांवरून घराणं काढू नये. शिवाय काश्गरीच्या कोशात बायका बाळाला झोपवताना ‘बालू बालू’ म्हणतात अशी नोंद आहे. त्यात ‘बाळ’ ऐकू आलं ना? तोही चकवाच. आपलं ‘जो जो’ मात्र शेजाऱ्यांशी खरंच जुळतं: कानडी आणि तेलुगू अंगाईतही ‘जो जो’ आहे, कानडीत अंगाईला जोगुळ म्हणतात.

तुर्कीतल्या ‘दांदिनी दांदिनी दास्ताना’ या ओळीत कुणी देवी शोधायला लागलं तर त्याला पुढची ओळ विचार. तिथे ‘दाना’ म्हणजे वासरं ‘बोस्तान’मध्ये, भाजीच्या मळ्यात, शिरतात आणि कोबी खायला बघतात. आधीची अक्षरं झुलवण्यासाठी आणि यमकासाठी. एकटा शब्द उचलला की असं फसायला होतं. ओळ नेहमी पुढच्या-मागच्या ओळींसकट घ्यावी. तुर्की लोकगीतांतला ‘फेलेक’ हा शब्द मात्र खरोखर जुना आहे. अरबीत तो आकाशाचा फिरता गोल. पृथ्वीभोवती असे गोल फिरतात आणि माणसाचं नशीब फिरवतात, असं तेव्हा मानत. म्हणून गाणारा दुःखाचं गाऱ्हाणं फेलेककडे घालतो, जसे आपण ग्रह फिरले म्हणतो.

आता सटवाई. कानाला लांबची वाटते, पण तिची वाट पायरी-पायरीने दिसते: षष्ठी, सटी, सटवी, आणि शेवटी ‘आई’ लागून सटवाई. खंडोबाच्या चंपाषष्ठीलाही ‘सट’च म्हणतात, आणि ‘सटीसामाशी’ या शब्दातही तीच सट आहे. षष्ठी म्हणजे जन्मानंतरची सहावी रात्र आणि त्या रात्रीची देवी. काही घरांत पूजा पाचवीला होते, काही घरांत सहावीला. पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण सटवाई त्या रात्री कपाळावर लेख लिहिते. दिवा विझू देत नाहीत आणि उशाशी विळा किंवा कोयता ठेवतात.

लोखंड तुर्कीतही आहे, आणि हे साम्य मला शब्दांच्या साम्याहून मोलाचं वाटतं. तिथे बाळंतिणीला ‘आल कारिसी’ नावाच्या हडळीसारख्या बाईचं भय. ती लोखंडाला भिते, तिच्या कपड्यात सुई टोचली की ती सापडते. बाळंतिणीच्या डोक्याला लाल फीत बांधतात आणि चाळीस दिवस तिला जपतात. आपला सव्वा महिना मोजून बघ.

मैत्रिणीच्या आजीला भेटशील तेव्हा वही ने. पूर्ण कडवं, आजीचं गाव आणि ते कितव्या दिवशी म्हणतात, एवढं तरी उतरवून घे. सुई कुठे टोचतात तेही विचार.

तुझी आई